वाळवंटातलं रोप आणि गुरम्मांचा तांब्या

माझ्या हातात माइक देऊ नये, असं आमच्या घरात एकमत आहे. घरात आम्ही दोघंच, मी आणि सिंधु. म्हणजे हे एकमत तिचं एकटीचं; पण पक्कं आहे.

कीर्तन ऐकणं ही माझी एकमेव चैन. पान नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा दिला तर घेतो. पण कुठं कीर्तन आहे असं कळलं की माझे पाय घरात ठरत नाहीत. मृदंगवाल्याच्या शेजारची जागा माझी. महाराजांनी तोंड उघडायच्या आधीच माझी मान हलायला लागते. सिंधुचं म्हणणं असं, की पुढं बसून मान हलवणारा एक माणूस प्रत्येक महाराजांना लागतोच, आणि आपल्या घरातला माणूस कुणाच्या तरी उपयोगी पडतोय याचं तिला समाधान आहे.

तर गेल्या वर्षी चैत्रात आमच्या लातूरच्या कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात सप्ताह होता. कीर्तनाला देविदास महाराज कंधारकर. आवाज असा, की शेवटच्या रांगेतली पेंगणारी म्हातारी माणसं दचकून टाळ्या वाजवतात. महाराज राजस्थानची यात्रा करून नुकतेच आले होते आणि येताना दूधपावडरच्या डब्यात एक रोप घेऊन आले होते. काल्याच्या दिवशी त्यांनी तो डबा सगळ्यांसमोर माझ्या हातात दिला.

"वैजनाथराव, ही शंखपुष्पी. तिकडच्या वाळूत पाहिली. वर पाऊस न्हाई, खाली ओल न्हाई, अन् हे बेटं फुलून राहिलं! तुम्ही पाटबंधारे खात्यातले. तुम्हाला पाण्यातलं कळतं. सांभाळा."

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, हे खरं. पण मी आस्थापना शाखेत होतो. पाण्याविषयीचे कागद भरपूर पाहिले. प्रत्यक्ष पाण्याशी संबंध टेबलावरच्या तांब्यापुरता. हे मी तिथंच सांगायला हवं होतं. पण माइक हातात होता, समोर अख्खी कॉलनी होती, आणि अंगात कीर्तन होतं. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी काल्याला, महाराजांच्या या रोपाची रोपं करून, घरटी एक प्रसाद म्हणून देईन!"

टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूनं सिंधुनं माझ्याकडं जे पाहिलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

रोप तसं दिसायला गरीब. करडी, लव असलेली पानं, सुतासारख्या फांद्या जमिनीला चिकटून. फूल शर्टाच्या गुंडीएवढं, पांढरं, कडेला किंचित गुलाबी. ऊन आलं की उघडतं, दुपार झाली की मिटतं. वेळ इतकी पाळतं, की आमच्या कार्यालयात असतं तर त्याची इतरांनी तक्रार केली असती.

पहिला सल्ला शेजारच्या दयानंदचा. त्याचं कृषी सेवा केंद्र आहे, त्यामुळे त्याचा सल्ला फुकट असला तरी वजनदार असतो.

"काका, काय करलालाव? आपली काळी माती हाय ही. धरली की सोडत न्हाई. ह्या झाडाला वाळू लागते वाळू. वाळवंटातलं हाय ना ते!"

हे मला पटलं. निलंग्याला माझ्या मेव्हण्याचं घर बांधून झालं होतं आणि अंगणात थोडी वाळू उरली होती. मी स्कूटी घेऊन गेलो, जेवलो, वाळूचं अर्धं पोतं पायाशी ठेवलं आणि भजन गुणगुणत परत निघालो. लातूरच्या अलीकडं रस्त्यात महसूलचं पथक उभं होतं. मला वाटलं, हेल्मेटची तपासणी असेल. हेल्मेट मी घातलेलं होतं, त्यामुळे मी हसतमुखानं थांबलो.

"पोत्यात काय हाय?"

"वाळू."

एवढ्या प्रामाणिकपणे त्यांना आजवर कुणी उत्तर दिलेलं नसावं. सगळं पथक गोळा झालं.

"पावती?"

"मेव्हण्याच्या बांधकामातली उरलेली आहे हो."

"मेव्हणा कशावरून?"

मेव्हणा असल्याचा पुरावा माझ्याजवळ नव्हता. तो पुरावा, म्हणजे सिंधु, घरी स्वयंपाक करत होता.

मी सगळी हकिकत सांगितली. राजस्थान, महाराज, शंखपुष्पी, काला. त्यांच्यातला एक तरणा कर्मचारी शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "काका, लोकं आम्हाला काय काय सांगतात. पण झाड लावायला वाळू, हे आज पहिल्यांदाच ऐकलालो." पंचनामा झाला. वाहन, स्कूटी. माल, अर्धं पोतं. इसमाच्या कपाळी बुक्का असून इसम सदर वाळू रोपासाठी असल्याचे सांगतो. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या नावापुढं 'सदर' लिहीत आलो. स्वतःच्या वाळूपुढं ते पहिल्यांदाच वाचलं आणि खाली सही केली. अखेर त्यांच्या साहेबांनाच कंटाळा आला. "तुमच्या रोपाच्या डब्यात मावंल तेवढी न्या अन् जावा, बाबा," म्हणाले.

संध्याकाळपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर निरोप फिरला: वैजनाथराव वाळू प्रकरणातून सुखरूप सुटले. हात जोडलेली चित्रं आली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या एका बांधकामवाल्यानं मला अदबीनं नमस्कार केला आणि हळूच विचारलं, "एक ट्रॉली भेटंल का?"

असो. रोप वाळूत बसलं. मी ते फाटकाजवळच्या कठड्यावर ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. माणसानं प्रसाद लपवू नये. मी लपवलाही नाही, आणि तिथंच घोटाळा झाला.

आमच्या समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गुरम्मा राहतात. निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेवर त्यांचं गाव. मालक वारले, तसं मुलगा आनंदराज, जो इथं बँकेत आहे, त्यांना घेऊन आला. आल्यापासून त्या गॅलरीत बसून असायच्या. सकाळी पाहावं तर गॅलरीत, संध्याकाळी पाहावं तर तिथंच. खाली बघायच्या, पण कुणाकडं नाही. सूनबाई शिल्पा चांगली आहे. पण चांगल्या सुनेच्या घरात सासूला करायला काही उरत नाही.

आणि एके दिवशी सकाळी गुरम्मा तांब्याचा तांब्या घेऊन दोन जिने उतरून आमच्या फाटकाशी आल्या.

"वैजनाथप्पा, म्हाराजांचं झाड हाय म्हनं. पानी घालते."

आणि घातलं. सगळं. वाळूतून पाणी भळभळ वाहिलं, रोप थोडं थरथरलं. मी म्हटलं, एक दिवसाचं काय. पण गुरम्मा दुसऱ्या दिवशी आल्या. तिसऱ्या दिवशी आल्या. येताना कपाळाला ठसठशीत विभूती, डोक्यावर पदर, आणि तांब्यावर हात झाकून, जणू आत दिवा आहे.

प्रसादाची रोपं व्हावीत म्हणून मी चहाच्या कपांत लावलेल्या फांद्या कुजल्या, कारण गुरम्मा त्यांच्यावरही माया करायच्या. "लेकरं हायती, त्यास्नी बी थोडं थोडं." मूळ रोपाची पानं पिवळी पडायला लागली. ज्या रोपानं वाळवंटातला उन्हाळा काढला, त्याचं लातुरात, जिथं नळ कधी आठवड्यानं तर कधी त्याहून उशिरा येतो, पाण्यानं मरण ओढवलं होतं.

सिंधु म्हणाली, "सांगा ना त्यांना सरळ."

मी सांगायला म्हणून जिना चढणार, तेवढ्यात खाली शिल्पा भेटली. "काका, तुमचे उपकार कसे फेडू? अम्मा आता रोज खाली येतात. येता-जाता चार बायकांशी बोलतात. काल तर भाकरी मागून घेतली. इथं आल्यापासून पहिल्यांदा." मी "पांडुरंगाची कृपा" म्हणून परत फिरलो.

आता सांगा, काय करायचं? रोप वाचवायचं तर गुरम्मांना थांबवायला हवं. गुरम्मांना थांबवलं तर त्या पुन्हा गॅलरीत. शिवाय आमच्या गावानं दुष्काळात पाण्याला पहारा बसलेला पाहिलाय. हंड्यावरून सख्ख्या शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालेलं पाहिलंय. तिथं एक बाई आपल्या वाट्याचं पाणी दुसऱ्याच्या झाडाला घालायला दोन जिने उतरते, तिला "नको" कोणत्या तोंडानं म्हणायचं? इतकी कीर्तनं ऐकली, पण याचं उत्तर एकाही महाराजांनी दिलेलं आठवेना.

म्हणून मी कारकुनी मार्ग काढला. पाटी लावली. 'कृपया या रोपास पाणी घालू नये.'

दयानंद धावत आला. "काका, लातुरात असली पाटी? लोक म्हणून राहिलेत, रिटायर होऊन बी ह्यांचं खातं सुटलं न्हाई!"

गुरम्मांना मराठी वाचता येत नाही, कानडी येतं. त्यांनी पाटीकडं बोट करून विचारलं, "हे काय लिवलंय?" समोर त्यांचा तो सुरकुतलेला, उत्सुक चेहरा. मी म्हणालो, "महाराजांचं झाड आहे, असं लिहिलंय." गुरम्मांनी पाटीला हात जोडले आणि चार थेंब तिच्यावरही शिंपडले.

त्याच दिवशी मी गावातल्या एका नर्सरीतून ब्राह्मीचं रोप आणलं. ब्राह्मी ही ओलीतच वाढते. जेवढं पाणी तेवढी ती खूश. जमिनीलगत पसरते, फूलही बारीक, पांढुरकं. ज्याला रोपांतलं काही कळत नाही, त्याला दोन्ही सारखीच. आणि आमच्या कॉलनीत कुणालाच काही कळत नव्हतं, हे मी स्वतःवरून सांगतो. खरी शंखपुष्पी मी गच्चीवर, टाकीच्या मागं नेऊन ठेवली. ब्राह्मी कठड्यावर बसवली.

मी खोटं बोललो नाही. मला कुणी विचारलंच नाही. ही सबब मी स्वतःला रोज रात्री देवापुढं उभा राहून सांगायचो, आणि देव, त्याच्या सवयीप्रमाणं, काही बोलायचा नाही.

ब्राह्मीनं मात्र कमाल केली. गुरम्मांचा तांब्या तिला इतका मानवला, की श्रावणापर्यंत ती कठड्यावरून खाली लोंबायला लागली. बायका येऊन म्हणायच्या, "काका, एक फांदी नेऊ का?" नेली की लागायची. वर्ष सरता सरता कॉलनीत घरोघरी महाराजांची शंखपुष्पी झाली. गुरम्मा तर गल्लीच्या माळीणबाई झाल्या. कुणाचं रोप सुकलं की लोक त्यांना हाक मारायचे. त्या जायच्या, माती चाचपायच्या, "तहानलंय ओ बिचारं," म्हणायच्या आणि चहा घेऊन यायच्या. मला लोक 'हरित वैजनाथ' म्हणायला लागले. गच्चीवर मी खऱ्या शंखपुष्पीचं बी धरायचा प्रयत्न करत होतो. कोमट पाण्यात भिजवलं, पॉलिश पेपरवर घासलं, पेरलं, आणि मुंग्यांनी नेलं. वर्षाअखेर माझ्याजवळ खरं रोप एकच होतं. पण हिंडतं-फिरतं, भाकरी मागून घेणारं एक माणूस खाली होतं. हिशेब मला वाईट वाटत नव्हता.

मग चैत्र आला, सप्ताह आला, आणि देविदास महाराज आमच्याकडं जेवायला आले.

फाटकाशीच थबकले. "अरारा! वैजनाथराव! केवढं पसरलं हे! म्या आणलं तवा एवढंसं होतं!"

हीच वेळ होती. मी तोंड उघडलंसुद्धा. पण मागं गुरम्मा तांब्या घेऊन उभ्या होत्या, आनंदानं फुललेल्या. मी तोंड मिटलं. मागून सिंधुनं "वरण निवतंय" असं म्हटलं, पण तिच्या आवाजात वरण नव्हतं.

त्या रात्रीच्या कीर्तनात महाराजांनी दृष्टांत घेतला. "माउली, झाड पाहा! वाळवंटातलं झाड! ह्याला पाणी लागत न्हाई. ह्याला काय लागतं? नाम लागतं! वैजनाथरावांच्या दारात नामावर जगून राहिलं! अन् तुम्ही? तुमची तहान काही संपत न्हाई!" मृदंग कडाडला. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी मान, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, हलतच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीत एकाही घरानं रोपाला पाणी घातलं नाही. महाराजांनी सांगितलंय म्हटल्यावर कोण घालणार? चैत्राचं लातूरचं ऊन. ब्राह्मीनं दुपारीच मान टाकली. घरोघरी बायका कुंड्यांपुढं बसून नामस्मरण करायला लागल्या. दयानंदनं आपल्या कुंडीजवळ मोबाइलवर भजन लावून ठेवलं. तरी रोपं वाळतच गेली, आणि जो तो आपल्यातच खोट शोधायला लागला. पलीकडच्या सिंधुच्या मैत्रिणीनं तर सासूशी वर्षभराचं भांडण मिटवलं. तेवढाच काय तो फायदा.

मी भर दुपारी, सगळे झोपलेत असं पाहून, कठड्यावरच्या ब्राह्मीला पेलाभर पाणी घालत होतो. मागून आवाज आला, "काका! निदान तुमी तरी!" दयानंद कमरेवर हात ठेवून उभा होता. "तुमचाच नामावर भरोसा न्हाई म्हणल्यावर आमी काय करावं?" मी उरलेलं पाणी स्वतः प्यायलो.

पण खरं काळीज हललं ते वेगळ्याच गोष्टीनं. गुरम्मा खाली आल्याच नाहीत. वर पाहिलं, तर गॅलरीत बसलेल्या. मी हात केला. त्यांनी खाली बघितलं, पण माझ्याकडं नाही.

ज्या एका गोष्टीसाठी वर्षभर लबाडी केली, तीच माझ्या गप्प बसण्यानं गेली. मी तसाच देवळात गेलो. महाराज ओसरीवर पडले होते. त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. पाटी, ब्राह्मी, टाकीमागची शंखपुष्पी, गॅलरी.

महाराज उठून बसले. दाढी खाजवली. मग त्यांचं पोट हलायला लागलं. "म्हणजे लातूरकरांना मी पाण्यावाचून जगायचा उपदेश केला? लातूरकरांना?" हसता हसता त्यांना ठसका लागला. मग एकदम गंभीर झाले. "लोकांना काल्याला मी सांगतो. तुमच्या हातात माइक नको. मला काय, म्या दुसरा दृष्टांत देईन. दृष्टांताला काय तोटा? पण ती बाई वर बसून राहिली ना, तिला दुसरा दृष्टांत न्हाई. तिच्याकडं आधी जा."

मी एका हातात टाकीमागचा डबा आणि दुसऱ्या हातात वाळलेल्या ब्राह्मीची कुंडी घेऊन दोन जिने चढलो. शिल्पानं दार उघडलं, माझा अवतार पाहिला आणि बाजूला झाली.

गुरम्मांनी मान वळवली नाही. "वैजनाथप्पा, तुमचं झाड नामावर जगतं म्हनं. आन मी अडानी रोज पानी वतत होते. त्याला लई तरास दिला मी."

"गुरम्मा, ऐका. नामावर जगणारं ते नव्हतंच. हे आहे." मी डबा पुढं केला. करडं, उघडंबोडकं रोप. त्यावर एकच मिटलेलं पांढरं फूल. "तुम्ही पाणी घालत होतात ते हे, दुसरं. मीच बदललं. तुमच्या पाण्यानं पहिलं मरायला लागलं होतं, आणि तुम्हाला नको म्हणायची माझी छाती झाली नाही."

त्यांनी वाकून डब्यातलं रोप पाहिलं. मला वाटलं, आता रडतील. किंवा शिव्या देतील. कानडीत देतील, म्हणजे मला कळणारही नाहीत.

"हे पेत न्हाई?"

"नाही. कधीतरी घोटभर."

"आन हे?"

"हे रोज पितं. सकाळी नाही मिळालं तर दुपारी मान टाकतं."

गुरम्मांनी कुंडी मांडीवर ओढली. बोटानं माती उकरली, एक वाळकी काडी नखानं खरवडली, जवळ नेऊन पाहिली. आत बारीक हिरवं होतं.

"मेलं न्हाई हे," त्या म्हणाल्या. "तहानलंय." मग पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "येडे हाव का ओ वैजनाथप्पा? मला सांगायचं न्हाई व्हय? मला हेच पायजे. जे पेतच न्हाई, त्याच्याकडं रोज सकाळी उठून मी कशाला येऊ?"

कुंडी खाली ठेवून त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, भिंत धरून, पण उठल्या. आत जाऊन तांब्या भरून आणला आणि कुंडीवर हळूहळू, धार तुटू न देता ओतला. गॅलरीभर पाणी झालं. शिल्पा फडकं घेऊन आली, ते पाहून दारातच थांबली.

तांब्याच्या तळाशी थोडं उरलं होतं. गुरम्मांनी ते हलवून पाहिलं आणि डब्यातल्या शंखपुष्पीकडं वळल्या.

"ह्याला बी घोटभर. लांबून आलंय बिचारं. आपल्या दारात आल्यावर पानी तरी इचारावं लागतं ना."

एका घोटानं ते रोप मरणार नव्हतं. मरणार असतं तरी मी डबा मागं घेतला असता की नाही, सांगता येत नाही. मी तो पुढंच धरला.